परभणीची भेंडी, बॉथेलची भेंडी



या वेळच्या पाठासाठी आम्ही भेंडी निवडली आहे. कारण सरळ आहे. बॉथेल आणि आसपासच्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी अंगणात भेंडी लावते, आणि ऑगस्टमध्ये वीतभर उंचीचे, चार पानांचे रोप दाखवून विचारते, "हिला झालंय तरी काय?" शेजारच्या वाफ्यात वाटाणा येतो, मेथी येते, कोथिंबीर येते. भेंडी मात्र रुसून बसते.

महाराष्ट्रात भेंडी सहज येते असे आपण समजतो. पण तिथेही एके काळी तिने शेतकऱ्याला फार रडवले होते. तिथले कारण वेगळे होते आणि इथले वेगळे आहे. आम्ही पेशाने संगणकवाले. प्रोग्रॅम चालत नसेल तर बिघाड नेमका कुठे आहे ते आधी शोधायचे आणि मगच हात लावायचा, ही आमची रोजची शिस्त. आज भेंडीला तोच नियम लावू. आधी तिची ओळख करून घेऊ, मग परभणीची अडचण पाहू, मग बॉथेलची.

लहान मुलांनी शेवटी दिलेले शब्दार्थ आधी वाचावेत. हिशेबाचा भाग मोठ्या मुलांसाठी आहे, पण आईबाबांना शेजारी बसवून लहानांनाही तो जमेल.

१. भेंडीची ओळख

भेंडी हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ती एक भेंडी, त्या अनेक भेंड्या. पण बाजारात गेल्यावर आपण "अर्धा किलो भेंडी द्या" असेच म्हणतो, तिथे अनेकवचन करत नाही. "भेंड्या" हा शब्द मात्र गाण्यांच्या खेळात हमखास येतो. गाण्याच्या भेंड्या खेळताना ज्या गटाला दिलेल्या अक्षरावरून गाणे सुचत नाही, त्या गटावर भेंडी चढते.

भेंडीचे शास्त्रीय नाव ॲबेलमॉस्कस एस्क्युलेंटस. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला जास्वंदीच्या गटात, म्हणजे हिबिस्कसमध्ये घातले होते. पुढे तिला वेगळ्या गटात हलवण्यात आले. लिनियसला तसे का वाटले असेल, हे भेंडीचे फूल पाहिले की लगेच कळते. पाच पाकळ्या, फिकट पिवळा रंग, मध्यभागी गडद तांबडा-जांभळा डोळा, आणि मधोमध पुंकेसरांची एक नळी. अगदी जास्वंदीची धाकटी बहीण! हे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. म्हणून भेंडीचे फूल पाहायचे असेल तर रविवारीही लवकर उठावे लागते.

या कुळाला मराठीत भेंडी कुळ असेच म्हणतात. हे कुटुंब फार मोठे आहे. कापूस भेंडीचा भाऊबंद. जास्वंद आणि अंबाडी तिच्या बहिणी. समुद्रकाठी पारसपिंपळ नावाचा एक वृक्ष असतो, त्यालाही भेंडी म्हणतात. तोही याच कुळातला, फुलेही पिवळी, पण त्याच्या फळांची आपण भेंडीसारखी भाजी करत नाही. मुंबईतल्या भेंडी बाजाराचे नाव त्या झाडांवरून पडले असे बरेच जण सांगतात. ज्याच्या बियांपासून चॉकलेट होते ते कोकोचे झाडही आता याच कुळात धरले जाते. मार्शमॅलो ही मिठाईसुद्धा मूळची याच कुळातल्या एका झाडाच्या चिकट मुळापासून करत. त्या झाडाचे नावच मार्शमॅलो. आता दुकानात मिळणाऱ्या मार्शमॅलोत ते मूळ नसते, नाव मात्र राहिले आहे.

हे नातेगोते लक्षात ठेवा. पुढे दोन ठिकाणी ते कामाला येणार आहे, एकदा भेंडीला वाचवण्यासाठी आणि एकदा आपल्याला सावध करण्यासाठी.

भेंडीचे मूळ घर आफ्रिका की भारत याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. अमेरिकेत ती आली ती मात्र आफ्रिकेतून, गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर. इंग्रजीतला ओक्रा हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतून आला. लुइझियानातल्या गंबो या प्रसिद्ध रश्श्याचे नावही आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून पडले. म्हणजे अमेरिकेत भेंडी आपल्या कितीतरी आधी आलेली आहे. आज जगात सर्वांत जास्त भेंडी भारतात पिकते.

२. परभणीची अडचण: केवडा

महाराष्ट्रात भेंडी पावसाळ्यात म्हणजे खरिपात जून-जुलैमध्ये, आणि उन्हाळी पीक म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत पेरतात. ऊब भरपूर असते. पेरल्यापासून साधारण ४५ दिवसांत फुले दिसू लागतात, आणि फूल उमलल्यावर चार ते सहा दिवसांत कोवळी भेंडी तोडायला येते. त्यानंतर एक दिवसाआड तोडणी. थोड्या जमिनीच्या शेतकऱ्याला हे फार सोयीचे पीक. दर दोन दिवसांनी बाजार, दर दोन दिवसांनी हातात थोडे पैसे.

पण भेंडीला एक वाईट रोग होतो. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात. हिरव्या पानावर पिवळ्या दोऱ्यांची जाळी विणावी तसे पान दिसते. मग सगळे पानच पिवळे होते, झाड खुजे राहते, आणि भेंड्या लहान, पिवळट, निबर निघतात. शेतकरी याला केवडा म्हणतात, कारण पाने केवड्याच्या रंगाची होतात. नाव सुवासिक, पण रोग मोठा घातकी. झाड लहान असतानाच केवडा पडला तर जवळजवळ सगळे पीक हातचे जाते. या रोगाची पहिली नोंद १९२४ साली आपल्याच मुंबई इलाख्यात झाली.

केवडा एका विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो पसरवते. ही माशी जेमतेम एक मिलिमीटर लांब. ती पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषते. रोगट झाडाचा रस प्याली की विषाणू तिच्या अंगात जातो, आणि पुढच्या झाडावर बसली की तो त्या झाडात उतरतो. माणसाला ताप आला तर औषध देता येते, पण झाडात शिरलेला हा विषाणू मारायला फवारणीचे कोणतेही औषध नाही. फवारणी करायची ती माशीवर. आज मारल्या तर परवा शेजारच्या शेतातून नव्या येतात.

संगणकाशी खेळणाऱ्या मुलांसाठी एक गंमत. सजीवांचा आराखडा चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो, हे मोठ्या मुलांनी शाळेत वाचले असेल. या विषाणूचा मुख्य आराखडा सुमारे २,७०० अक्षरांचा आहे. चार अक्षरांपैकी एक लिहायला संगणकाला दोन बिट लागतात. म्हणजे सगळा मजकूर ५,४०० बिट, सातशे बाइटसुद्धा नाही. तुम्ही वाचत आहात तो हा पाठ त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. एवढ्याशा मजकुरात एकरभर भेंडी पिवळी करण्याची ताकद!

१९५० च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पुसा सावनी नावाचा वाण तयार झाला. सुरुवातीला त्यावर केवड्याची लक्षणे फारशी दिसत नव्हती. भेंडीही चांगली, गर्द हिरवी. म्हणून तो देशभर पसरला. पण काही वर्षांनी तोही केवड्याला बळी पडू लागला.

मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीला १९७२ साली स्थापन झाले. (२०१३ पासून त्याच्या नावात वसंतराव नाईक यांचे नाव जोडले आहे.) तिथल्या एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या शास्त्रज्ञांनी बिघाडाच्या मुळाशी जायचे ठरवले. माशी मारत बसण्यापेक्षा विषाणूला दाद न देणारी भेंडीच तयार करता आली तर? पण तशी ताकद आणायची कुठून? ती त्यांना भेंडीच्या एका नातेवाइकात सापडली. ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट ही भेंडीची जवळची, पण वेगळ्या जातीची बहीण. तिची फळे भाजीला चांगली नाहीत, पण केवडा तिला होत नाही.

त्यांनी पुसा सावनीचा या बहिणीशी संकर केला. वाचायला एक वाक्य लागते, करायला वर्षे लागतात. दोन वेगळ्या जातींचा संकर केला की येणारे रोप सहसा नीट बी धरत नाही. शिवाय त्यात नको असलेले गुणही उतरतात. म्हणून ते रोप पुन्हा पुसा सावनीशी जोडायचे. त्याच्या बिया पेरायच्या, केवडा न पडलेली आणि भेंडी चांगली असलेली झाडे निवडायची, बाकीची काढून टाकायची. मग त्यांचे बी पुन्हा पेरायचे. अशा कित्येक पिढ्या. दर पिढीत प्रश्न दोनच: केवडा पडला का? भेंडी खाण्यासारखी आहे का?

या कामातून निघालेला वाण म्हणजे परभणी क्रांती. तो १९८५ साली प्रसारित झाला, आणि पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, त्याची माहिती हॉर्टसायन्स या अमेरिकन शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. परभणीच्या शेतातली भेंडी तेव्हा अशी कागदावरून अमेरिकेत पोचली.

या वाणाचे मोल आणखी एका गोष्टीत आहे. तो दरवर्षी नव्याने विकत घ्यावा लागणारा संकरित वाण नाही, स्थिर झालेला सुधारित वाण आहे. शेतकरी स्वतःच्या चांगल्या झाडांवर चार-दोन भेंड्या वाळू देऊन पुढच्या वर्षाचे बी घरीच धरू शकतो. विषाणूशी लढायची तयारी बियातच भरलेली, शेतकऱ्याला वेगळा खर्च नाही.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. विषाणू बदलतात. काही वर्षांनी परभणी क्रांतीवरही ठिकठिकाणी केवडा दिसू लागला, आणि शास्त्रज्ञांना पुन्हा नव्या वाणांचे काम हाती घ्यावे लागले. संगणकातले काम जसे एकदा करून संपत नाही, तसेच हेही.

३. बॉथेलची अडचण: ऊब

आता आपल्या अंगणात येऊ. इथल्या खुज्या रोपाची पाने उलटून पाहा. पिवळ्या शिरांची जाळी नाही. म्हणजे केवडा नाही. पाणी आहे, खत आहे, जूनमध्ये सोळा तास उजेड आहे. मग कमी काय आहे?

ऊब कमी आहे. झाड आपल्यासारखे कॅलेंडर पाहत नाही. ते ऊब मोजते. प्रत्येक पिकासाठी एक किमान तापमान असते, त्याच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. भेंडीसाठी आपण ते हिशेबापुरते १५ अंश सेल्सिअस धरू. दिवसाचे सरासरी तापमान त्याच्या जितके वर, तितके ऊब-गुण त्या दिवशी झाडाच्या खात्यात जमा झाले असे समजू.

हिशेबाची रीत अशी:
दिवसाचे सर्वांत जास्त तापमान + सर्वांत कमी तापमान, भागिले २, उणे १५.

आधी परभणी. जुलैमध्ये तिथे दुपारी सुमारे ३१ अंश आणि पहाटे २३. सरासरी २७. त्यातून १५ वजा केले की उरले १२ गुण. फूल यायला ४५ दिवस लागतात, म्हणून ४५ गुणिले १२, एकूण ५४० गुण. भेंडीला फुलायला साधारण एवढी पुंजी लागते असे धरू.

आता बॉथेल. इथले आकडे ठोकळ आहेत, पण हिशेबाला पुरेसे आहेत.

जून: दुपारी २१, पहाटे ११. सरासरी १६. रोज १ गुण. ३० दिवसांचे ३० गुण.
जुलै: दुपारी २५, पहाटे १३. सरासरी १९. रोज ४ गुण. ३१ दिवसांचे १२४ गुण.
ऑगस्ट: जुलैसारखाच. १२४ गुण.
सप्टेंबर: दुपारी २१, पहाटे ११. रोज १ गुण. ३० गुण.

चार महिन्यांची बेरीज ३०८. हवेत ५४०. म्हणजे १ जूनला उघड्या वाफ्यात बी पेरले तर सप्टेंबर संपला तरी झाड जेमतेम अर्ध्या वाटेवर असते. तोवर थंडी येते. ऑगस्टमधल्या त्या चार पानांच्या रोपाला झाले आहे ते एवढेच. त्यात कुणाच्या हाताचा दोष नाही. लावणाऱ्याला हात नाही, असे आजी म्हणाली तर तिला हा हिशेब दाखवा.

हा हिशेब निसर्गाचे सगळे बारकावे पकडत नाही. एखाद्या वर्षी उष्णतेची लाट आली तर आकडे बदलतील. दिवसाच्या लांबीचाही परिणाम असतो, काही वाण लांब दिवसांत कळ्या उशिरा धरतात. पण बिघाड कुठे आहे ते या हिशेबाने कळते, आणि तो दुपारी नाही, पहाटे आहे. आपल्या दुपारा भेंडीला चालतात. आपल्या रात्री तिला चालत नाहीत.

एकदा हे कळले की उपाय सुचायला लागतात. पुंजी वाढवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग: काही गुण घरातच कमवायचे. मेच्या सुरुवातीला घरात उबदार जागी रोप केले, आणि तिथे सरासरी २४ अंश ठेवता आले, तर रोज ९ गुण. ३० दिवसांत २७० गुण. अर्धी पुंजी घरातच जमली! ते रोप १ जूनला बाहेर ठेवले तर जून-जुलैचे १५४ गुण मिळून जुलैअखेर ४२४ होतात. उरलेले ११६ गुण ऑगस्टमध्ये २९ दिवसांत. म्हणजे पहिले फूल ऑगस्टच्या अगदी शेवटी. भेंडी मिळेल, पण ओंजळभर.

दुसरा मार्ग: बाहेरची ऊब वाढवायची. प्लॅस्टिकचा बोगदा, छोटे हरितगृह, दक्षिणेकडची भिंत, काळी कुंडी. यातून सरासरी ४ अंशांनी वाढली असे धरा. जूनमध्ये रोज १ ऐवजी ५ गुण, महिन्याचे १५०. घरातले २७० मिळवून ४२०. जुलैत रोज ८ गुण. उरलेले १२० गुण १५ दिवसांत. म्हणजे पहिले फूल १५ जुलैला, आणि पुढे दीड-दोन महिने तोडणी. दोन्ही मार्ग एकत्र वापरले तरच बॉथेलमध्ये भाजीपुरती भेंडी होते, असे हिशेब सांगतो.

४. आता लावू या

मेचा पहिला आठवडा: बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. वर्तमानपत्राच्या कागदाच्या लहान कुंड्या करा. प्रत्येकीत दोन बिया, अर्धा इंच खोल. भेंडीला सोटमूळ असते आणि ते हलवलेले तिला आवडत नाही. कागदाची कुंडी मातीत तशीच ठेवता येते, मुळाला धक्का लागत नाही. जागा उबदार हवी. माती थंड आणि ओली राहिली तर बी कुजते.

उगवल्यावर: दोन रोपांतले जोमदार ठेवा, दुसरे उपटू नका, कात्रीने कापा. भरपूर उजेड द्या, नाहीतर रोप उंच आणि लेचेपेचे होते.

जूनच्या सुरुवातीला: आठवडाभर रोज थोडा वेळ बाहेर ठेवून हवेची सवय करा. मग पाच गॅलनच्या काळ्या कुंडीत, दक्षिणेच्या भिंतीशी. संध्याकाळी न विसरता झाकण. दुपारी बोगद्याची तोंडे उघडा, आतली हवा कोंडू देऊ नका.

तोडणी: भेंडी बोटाएवढी झाली की तोडा. एक दिवसाआड पाहायचेच. एखादी भेंडी झाडावर जून होऊ दिली तर झाड सगळे लक्ष बी भरण्याकडे देते आणि नव्या भेंड्या कमी धरते. झाडाला बारीक लव असते, काहींना ती खाजते, म्हणून हातमोजे घाला.

वाण निवडताना आपल्या दुकानात मिळणारे लवकर येणारे वाण घ्या. क्लेमसन स्पाइनलेस हा दक्षिण कॅरोलिनातला वाण १९३९ साली बक्षीस मिळवलेला आणि अजूनही सगळीकडे मिळणारा आहे. आपल्याकडे केवडा नाही, म्हणून परभणी क्रांतीची ढाल इथे लागत नाही. इथे हवा लवकर फुलणारा वाण.

इथे पालकांना एक सावधगिरीची सूचना. भारतातून येताना आजी प्रेमाने बियांची पुडी सामानात घालते. बी या देशात आणायला वनस्पती-आरोग्याची कागदपत्रे लागतात. ती नसतील तर पुडी आणू नये, आणि चुकून आलीच तर विमानतळावर स्वतःहून सांगावी. हा नियम उगाच नाही. पाठाच्या सुरुवातीला सांगितलेले नाते आठवा: भेंडी ही कापसाची बहीण. कापसाची गुलाबी बोंडअळी भेंडीवरही जगू शकते. ही अळी अमेरिकेत १९१७ साली टेक्सासात सापडली. तिला इथल्या कापसातून पूर्ण घालवल्याचे जाहीर झाले २०१८ मध्ये. शंभर वर्षे लागली. त्याच सुमारास, २०१७ च्या हंगामात, विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस शेतकऱ्यांचे याच अळीने अतोनात नुकसान केले. आजीची माया बियांच्या पुडीशिवायही पोचते. बी इथले घ्यावे.

५. तार का सुटते?

भेंडी चिरली की बुळबुळीत तार सुटते. कित्येक मुले एवढ्यावरच ताट पुढे सरकवतात, म्हणून याचाही छडा लावू.

भेंडीत साखरेच्या कणांच्या लांबलचक साखळ्या असतात. पाणी मिळाले की त्या फुगतात आणि एकमेकींत गुंततात. तीच तार. पाणी नसेल तर गुंता कमी. म्हणून आई भेंडी आधी धुऊन, कोरडी पुसून मग चिरते, चिरल्यावर धूत नाही. मीठ शेवटी घालते, कारण मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते. परतताना झाकण ठेवत नाही, कारण वाफेचे पाणी पुन्हा भाजीत पडते. आंबट पदार्थानेही तार पातळ होते. म्हणून चिंच-गूळ, आमसूल किंवा दही. आपल्या आज्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते, पण प्रयोग मात्र पिढ्यान्‌पिढ्या केले होते. लुइझियानात उलट. तिथे गंबो दाट व्हावा म्हणून ही तार मुद्दाम हवी असते.

आणि ही तार वाया जाणारी नाही. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत उसाचा रस कढईत उकळताना त्यात भेंडीच्या, रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचे चिकट पाणी घालतात. रसातले बारीक मळाचे कण त्या चिकट साखळ्यांना अडकतात, गोळा होऊन वर येतात, आणि गुळव्या ती मळी झाऱ्याने काढून टाकतो. रस स्वच्छ, म्हणून गूळ सोनेरी. पोळीबरोबर गूळ-तूप खाणाऱ्या मुलांनी तारेचे एवढे उपकार तरी मानावेत!

दुकानात भेंडी निवडताना शेपटाचे टोक वाकवून पाहतात. कट्‌कन मोडले तर कोवळी. नुसते वाकले तर जून. पण प्रत्येक भेंडीचे टोक मोडून ठेवू नका, दुकानदार रागावतो.

शब्दार्थ

वाण – एकाच पिकाचा ठरावीक गुण असलेला प्रकार.
संकर – दोन वेगळ्या झाडांच्या मिलनातून नवे रोप करणे.
खरीप – पावसाळ्यातला पिकांचा हंगाम.
सोटमूळ – सरळ खोल जाणारे मुख्य मूळ.
निबर, जून – कोवळे नसलेले, कडक झालेले.
पुंजी – साठवलेले धन.
गुऱ्हाळ – उसाच्या रसाचा गूळ करण्याची जागा.
गुळव्या – गूळ करणारा जाणकार कारागीर.
एक दिवसाआड – मधला एक दिवस सोडून.

स्वाध्याय

१. फॅरनहाइटमध्ये सांगा: १५ अंश आणि २५ अंश सेल्सिअस. (रीत: गुणिले ९, भागिले ५, अधिक ३२.)

२. कॅस्केड डोंगरांपलीकडे याकिमा येथे जुलैमध्ये दुपारी सुमारे ३२ आणि पहाटे १४ अंश असतात. रोज किती ऊब-गुण? ५४० गुणांना किती दिवस?

३. रिकाम्या जागा भरा: (अ) केवडा रोग ........ माशी पसरवते. (आ) भेंडीचे फूल ........ उमलते. (इ) गाणे सुचले नाही की ........ चढते.

४. एक भेंडी आडवी कापून तिचे कप्पे मोजा. दहा भेंड्या मोजून तक्ता करा. कापलेले तोंड रंगात बुडवून कागदावर ठसे उमटवा आणि वर्गात आणा.

५. आजी-आजोबांना फोनवर विचारा: तुमच्या घरी भेंडी कशी करत? पाच ओळी मराठीत लिहा.

६. जूनपासून रोजचे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान एका वहीत लिहा. ज्यांच्याकडे भेंडी आहे त्यांनी पहिले फूल दिसले त्या दिवशी बेरीज करावी. आम्ही धरलेला ५४० चा आकडा आपल्या बॉथेलमध्ये बरोबर ठरतो की बदलावा लागतो, ते सगळ्यांच्या वह्या मिळूनच कळेल.

उत्तरे

१. ५९ आणि ७७. २. रोज ८ गुण, सुमारे ६८ दिवस. ३. पांढरी, सकाळी, भेंडी. बाकीची उत्तरे तुमच्या ताटात आणि तुमच्या वहीत आहेत.